परदेशप्रवासासाठी लसीकरणाचा पुरावा: फोनमधले प्रमाणपत्र, पिवळे पुस्तक आणि पासपोर्टशी जुळणारे नाव

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये माझी आई लंडनला बहिणीकडे जायला निघाली, तेव्हा तिच्याकडे कोव्हिशील्डच्या दोन्ही डोसांचे प्रमाणपत्र होते, त्यावर क्यूआर कोड होता, पंतप्रधानांचे छायाचित्रही होते. नव्हती ती फक्त पूर्ण जन्मतारीख. कोविनवर नोंदणी करताना तेव्हा जन्माचे केवळ वर्ष घेतले जाई आणि प्रमाणपत्रावर त्यावरून काढलेले वय छापले जाई. त्यातही लसीकरण शिबिरात नोंद करणाऱ्याने तिचे वर्ष एकाने चुकवले होते, आणि नावाच्या जागी आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांच्या की पतीच्या नावाचे कळत नसलेले एक आद्याक्षर असा क्रम लावला होता. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे, पासपोर्टवर मात्र नोव्हेंबरातली खरी तारीख आहे. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटत असे. घरात हा थट्टेचा विषय असतो, परंतु विमानतळावर तो थट्टेचा राहत नाही.

त्याच सुमारास हा प्रश्न दोन देशांमध्येही उभा राहिला होता. ब्रिटनने २२ सप्टेंबर २०२१ रोजी कोव्हिशील्डला मान्यताप्राप्त लसींच्या यादीत घेतले, तरीही भारतात लस घेतलेल्यांना विलगीकरणातून सूट दिली नाही. आक्षेप आता लसीवर नसून प्रमाणपत्रावर होता. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसेच नियम लावले आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट मागे घेतली. या दरम्यान कोविनवर आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचे वेगळे प्रमाणपत्र सुरू झाले, ज्यावर पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक येऊ लागला. आईचे वर्ष आम्ही आधी दुरुस्त करून घेतले, मग हे प्रमाणपत्र काढले, आणि त्यात दहा दिवस गेले. लस घेणे ही एक गोष्ट आणि ती घेतल्याचे परक्या देशातल्या माणसाला पटवणे ही दुसरी, हे तेव्हा जे लक्षात आले, त्यावरच पुढील मार्गदर्शन आधारलेले आहे.

आधी विचारा: कुठे, कोणत्या मार्गाने, आणि परत कसे

कोविडच्या प्रमाणपत्राची सक्ती आता जवळजवळ सर्वत्र संपली आहे. भारतात येताना भरावा लागणारा एअर सुविधाचा अर्ज २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, अमेरिकेने विमान प्रवाशांवरील लसीची अट १२ मे २०२३ रोजी काढली आणि युरोपीय संघाच्या डिजिटल कोविड प्रमाणपत्राचा कायदा ३० जून २०२३ रोजी संपुष्टात आला. त्यामुळे आज "लसीचा पुरावा" असे कोणी म्हटले, तर बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट अभिप्रेत असते: आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील देशांसाठी पीतज्वराची म्हणजे यलो फिव्हरची लस, हज किंवा उमरा यात्रेसाठी मेंदूज्वराची लस, किंवा परदेशी विद्यापीठाने मागितलेली लहानपणापासूनच्या लसींची नोंद. या तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि एकाची रीत दुसऱ्याला लागू पडत नाही.

प्रवासाचे नियोजन करताना बहुतेक लोक जायच्या देशाचेच नियम पाहतात. तेवढे पुरत नाही. मार्गात कोणत्या विमानतळावर किती तास थांबणार आहात, आणि परत येताना भारत काय मागणार आहे, हेही त्याच वेळी पाहावे. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. पण मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जोहान्सबर्गला जाणारा प्रवासी पीतज्वराच्या क्षेत्रातून जातो, आणि तिथला थांबा बारा तासांपेक्षा मोठा असेल किंवा तो विमानतळाबाहेर पडला असेल, तर त्याच्याकडे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. पुण्या-मुंबईहून मसाई मारा पाहायला जाणाऱ्यांच्या गटांत एक समज पक्का असतो की, केनिया मागत नाही, मग कशाला? केनिया काय मागते हा प्रश्न महत्त्वाचा खराच, परंतु खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. भारतात पीतज्वर नाही, मात्र तो पसरवणारा एडीस डास आपल्या घराघरांत आहे, आणि विषाणू एकदा इथे आला तर काय होईल याची कल्पना डेंग्यू पाहिलेल्या कोणालाही करता येईल. म्हणून या बाबतीत भारताचे नियम कडक आहेत. केनियासारख्या, पीतज्वराच्या यादीतल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला, तो देश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत किंवा त्याचे प्रमाणपत्र लागू होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर विलगीकरणात ठेवता येते.

पीतज्वर: अजूनही पिवळे पुस्तकच

या लसीचा पुरावा म्हणजे लोक ज्याला यलो कार्ड म्हणतात ती लहानशी पिवळी पुस्तिका होय. तिचे औपचारिक नाव "लसीकरण किंवा प्रतिबंधक उपचाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र" असे आहे आणि तिचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीच्या सहाव्या परिशिष्टात दिलेला आहे. कोकणातल्या अनेक घरांत जहाजावर जाणारा कोणीतरी असतो. त्याला हे पुस्तक समजावून सांगावे लागत नाही, कारण ते त्याच्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाच्या, पाकिटातच असते. पहिल्यांदा जाणाऱ्या पर्यटकाने मात्र ते हातात पडताच, केंद्राच्या दारातच, नीट वाचावे. त्यावर काय असले पाहिजे हे पुढे सविस्तर देत आहे, कारण चूक झाली तर ती बहुधा इथेच होते.

नाव पासपोर्टप्रमाणे, म्हणजे पासपोर्टवर "नाव" आणि "आडनाव" या दोन रकान्यांत जे आहे तेच, संक्षेप न करता. जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक. आपली स्वतःची सही, जी पुष्कळ जण करायची विसरतात. नंतर लसीचे नाव, दिल्याची तारीख, देखरेख करणाऱ्या डॉक्टरची हाताने केलेली सही आणि पदनाम, लस बनवणाऱ्या कंपनीचे नाव व बॅच क्रमांक, प्रमाणपत्र कधीपासून लागू आहे ती तारीख, आणि केंद्राचा शिक्का. तारखेत दिवस व वर्ष अंकांत आणि महिना अक्षरांत लिहावा, अशी नियमावलीची अट आहे. ती किचकट वाटली तरी तिच्यामागे शहाणपण आहे: ०४/०५ म्हणजे आपल्याला ४ मे वाटते, तर अमेरिकेतल्या माणसाला ५ एप्रिल. भरलेला मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असला पाहिजे. त्याशिवाय दुसरी भाषा चालते, पण एकटी मराठी चालत नाही. आपल्याकडच्या रुग्णालयांत फक्त देवनागरीत कोरलेले गोल शिक्के असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. खाडाखोड, वर गिरवलेले अंक किंवा रिकामा राहिलेला रकाना यांपैकी कशामुळेही प्रमाणपत्र अमान्य ठरवता येते. तेव्हा चूक दिसली तर जागच्या जागी दुसरे पुस्तक मागून घ्यावे, पेनने दुरुस्ती करून घेऊ नये.

ज्यांना सही करता येत नाही अशा आजी-आजोबांनी घाबरण्याचे कारण नाही. त्यांचा अंगठा किंवा खूण चालते, मात्र ती खूण त्यांचीच आहे असे शेजारी दुसऱ्याने लिहून द्यावे लागते. लहान मुलाच्या वतीने आई, वडील किंवा पालक सही करतात. कुटुंबाचे मिळून एक पुस्तक होत नाही. प्रत्येकाचे, कडेवरच्या मुलाचेसुद्धा, वेगळे लागते.

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. निघण्याच्या आठवड्यात लस घेणाऱ्याला म्हणूनच तिचा कागदोपत्री उपयोग होत नाही. एकदा लागू झाले की ते आयुष्यभरासाठी असते. हा नियम ११ जुलै २०१६ पासून आहे आणि तो त्याआधीच्या पुस्तकांनाही लागू होतो, त्यामुळे जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी नवी लस घेण्याची गरज नाही. काउंटरवर कोणी हुज्जत घातलीच तर नियमावलीच्या सातव्या परिशिष्टाचा उल्लेख शांतपणे करावा.

लस कुठेही घेऊन चालत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रातच घेतली तर पुस्तक वैध ठरते. मुंबईत विमानतळाची आणि बंदराची आरोग्य संघटना, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना ही आपल्याकडची जुनी केंद्रे आहेत. पूर्ण आणि ताजी यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावी. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडल्यानंतर काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच आणि आधी नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. सुट्टीच्या हंगामात तारीख मिळायला वेळ लागतो. तिकीट काढल्या दिवशीच नोंदणी करावी आणि जाताना मूळ पासपोर्ट न्यावा. ही जिवंत लस आहे: अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधे यांपैकी काही असेल तर ते आधीच सांगावे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत, आणि साठीपुढच्या माणसाने आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. वैद्यकीय कारणाने लस देता येत नसेल, तर डॉक्टर कारणांसह इंग्रजीत पत्र देऊ शकतात. ते पत्र विचारात घेतले जाते, मात्र ते लसीच्या पुराव्याइतके भक्कम नसते, कारण अंतिम निर्णय पोहोचल्या ठिकाणच्या आरोग्य अधिकाऱ्याचा असतो.

आता स्वाभाविक प्रश्न येतो की, बँकेपासून रेशनपर्यंत सगळे फोनवर आले असताना हेच का नाही? कायद्याने आता ते येऊ शकते. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियमावलीत दुरुस्त्या केल्या. त्या स्वीकारणाऱ्या देशांसाठी १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, आणि त्यांत प्रवासी आरोग्य दस्तऐवज डिजिटल रूपातही देता येतील, मात्र त्यांची सत्यता पडताळता आली पाहिजे, असे म्हटले आहे. नायजेरियाने तर २०१९ मध्येच क्यूआर कोडचे यलो कार्ड आणले होते. परंतु "देता येतील" याचा अर्थ "सर्वत्र वाचता येतील" असा होत नाही. एखाद्या लहान विमानतळावरच्या आरोग्य कक्षात बसलेल्या माणसाने आयुष्यभर पिवळे पुस्तकच उघडलेले असते, आणि रात्री अडीच वाजता त्याला नवे तंत्रज्ञान शिकवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. मूळ पुस्तक जवळ ठेवावे आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा. मात्र तो फोटो हे डिजिटल प्रमाणपत्र नव्हे, हे लक्षात असू द्यावे. पुस्तक हरवल्यास बॅच क्रमांक आणि केंद्राचे नाव सांगून दुसरी प्रत मागण्यासाठी तो फोटो उपयोगी पडतो, एवढेच.

फोटो, पीडीएफ आणि क्यूआर कोड यांतला फरक

ज्यांनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला आहे, त्यांना हा फरक एका वाक्यात कळेल. तलाठ्याच्या सहीच्या उताऱ्याचा फोटो आणि महाभूमीवरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा या दोहोंत मजकूर एकच असला, तरी बँक दुसराच घेते, कारण तो खरा आहे की नाही हे तिला स्वतःला ताडता येते. लसीच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. कोविनच्या प्रमाणपत्रावरच्या क्यूआर कोडच्या चौकोनात आपला मजकूर आणि त्यावरची डिजिटल स्वाक्षरी अशी दोन्ही भरलेली असतात. ती स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली देणाऱ्याकडेच राहते. तपासणाऱ्याकडे फक्त तिची जोडीदार, उघड किल्ली असते. कोणी पीडीएफवर नाव बदलले, तरी चौकोनातला मजकूर बदलत नाही, आणि स्कॅन करताच कागदावरचे नाव व पडद्यावरचे नाव यांतली तफावत उघडी पडते.

एका देशाच्या किल्ल्या दुसऱ्या देशाच्या ॲपला माहीत नसतील, तर उत्तम प्रमाणपत्रही "ओळखता आले नाही" असेच दाखवते. त्यात प्रमाणपत्राचा दोष नसतो. ही अडचण सोडवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये युरोपीय संघाचे तंत्रज्ञान घेऊन एक जागतिक जाळे उभारायला घेतले. त्यात सहभागी देश आपापल्या उघड किल्ल्या ठेवतात. कोणाच्याही आरोग्याची माहिती तिथे साठवली जात नाही. तोवर प्रवाशाच्या हाती असलेला उपाय साधा आहे: पाहणाऱ्याला स्कॅन न करताही वाचून खात्री करता येईल इतका स्पष्ट इंग्रजी मजकूर कागदावर असू द्यावा.

कोविनचे प्रमाणपत्र आज क्वचित लागत असले तरी ते एकदा काढून ठेवावे, कारण काही नोकऱ्या, जहाज कंपन्या आणि विद्यापीठे अजून विचारतात. कोविनच्या संकेतस्थळावर ज्या मोबाइल क्रमांकावर नोंद झाली होती त्यावर ओटीपी मागवून प्रवेश करावा. इथे पहिली ठेच लागते: २०२१ मध्ये कित्येक वृद्धांची नोंद शेजारच्या मुलाच्या, आशाताईंच्या किंवा नगरसेवकाच्या कार्यकर्त्याच्या क्रमांकावर झालेली आहे, कारण एका क्रमांकावर अनेकांची नोंद करता येत असे. तो क्रमांक कोणाचा हे आधी शोधावे लागते. प्रवेश झाल्यावर नाव, जन्मवर्ष आणि लिंग पासपोर्टशी ताडून पाहावे. चूक असेल तर तक्रारीच्या पर्यायातून दुरुस्ती मागता येते, मात्र ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करता येत नाही. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून, एकेक अक्षर वाचूनच ती भरावी. घाईत "देशपांडे"च्या स्पेलिंगमधला एक स्वर सुधारताना दुसरा बिघडवलेले लोक मी पाहिले आहेत. दोन डोस दोन वेगळ्या नोंदींवर पडले असतील, तर ते एकत्र करण्याचा पर्यायही तिथेच आहे. नोंद शुद्ध झाल्यावर मग आंतरराष्ट्रीय प्रवासाचे प्रमाणपत्र मागावे, त्यात पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख भरावी. पासपोर्टचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो. अशा वेळी जुना पासपोर्टही सोबत न्यावा.

डिजिलॉकर वापरणाऱ्यांनी एक बारकावा पाहावा. त्यात दोन कप्पे आहेत: देणाऱ्या संस्थेकडून थेट आलेली कागदपत्रे आणि आपण स्वतः चढवलेली कागदपत्रे. आपण स्कॅन करून चढवलेले पिवळे पुस्तक दुसऱ्या कप्प्यात राहते आणि डिजिलॉकरमध्ये असल्यामुळे ते अधिकृत झाले असे होत नाही. कोविनचे प्रमाणपत्र मात्र पहिल्या कप्प्यात येऊ शकते.

घरी एक चाचणी करावी. प्रमाणपत्राची पीडीएफ छापावी आणि कोविनच्या पडताळणी पानावरून, दुसऱ्या कोणाच्या फोनने, छापील क्यूआर स्कॅन करून पाहावा. तो वाचला गेला नाही तर कारण बहुधा एकच असते: व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत. त्या प्रवासात चित्र दाबले जाते आणि चौकोनातले बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. प्रमाणपत्र पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे. २०२१ मध्ये पुष्कळांनी ते एटीएम कार्डाएवढ्या प्लॅस्टिकवर छापून घेतले; ते पाकिटात छान बसते, पण कोड इतका लहान होतो की स्कॅनर त्यावर नुसता फिरत राहतो. साधा ए-फोर कागद, न दुमडता पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवलेला, सर्वांत कमी त्रास देतो. पिवळ्या पुस्तकाला लॅमिनेशन तर कदापि करू नये, कारण त्यात पुढच्या लसींच्या नोंदीही करायच्या असतात.

फोनची तयारी घरच्या वाय-फायवर करावी. परदेशात उतरल्यावर कोविनमध्ये शिरायचे ठरवाल तर ओटीपी भारतातल्या सिमवर येईल, आणि रोमिंग सुरू नसेल तर तो येणारच नाही. पीडीएफ फोनमध्येच उतरवून ठेवावी, इंटरनेट बंद करून ती उघडते का ते पाहावे, आणि सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्येही एक प्रत ठेवावी. प्रवासाच्या आनंदात क्यूआर कोडसह प्रमाणपत्र स्टेटसला लावू नये. त्या चौकोनात जे भरले आहे ते कोणालाही वाचता येते.

हज-उमरा आणि विद्यार्थी

हजच्या आणि उमराच्या यात्रेकरूंना सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस घेतलेली असावी लागते. लसीचा प्रकार प्रमाणपत्रावर लिहिलेला आहे ना, हे पाहणे इथे सर्वांत महत्त्वाचे, कारण मुदत त्यावर ठरते: जुन्या पॉलिसॅकराइड लसीची तीन वर्षे, काँजुगेट लसीची पाच वर्षे. प्रकार लिहिलेला नसेल तर कमी मुदतीची लस धरली जाण्याचा धोका असतो. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे होतात आणि तिथेच नोंद मिळते. खासगी टूरने किंवा उमराला जाणाऱ्यांना हे स्वतः पाहावे लागते, आणि चुकतात तेही बहुधा हेच लोक.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडे विमानतळावर कोणी काही मागत नाही. मागते ते विद्यापीठ, आणि वर्गनोंदणी अडकते. बहुतेक विद्यापीठांना गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचे दोन डोस, किमान २८ दिवसांच्या अंतराने आणि पहिल्या वाढदिवसानंतर दिलेले, हवे असतात. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. ती तिथे मोजली जात नाही. त्यामुळे बाळाच्या लसीकरणाचे पिवळसर पडलेले कार्ड आजीच्या ट्रंकेतून काढून आणल्यावरही एक डोस कमी पडतो आणि मग जुलैत धावपळ होते. विद्यापीठाचा छापील अर्ज एप्रिल-मेमध्येच घरच्या डॉक्टरांकडून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह भरून घ्यावा, तो सपाट ठेवून स्कॅन करावा आणि पोर्टलवर चढवल्यानंतर "मिळाला" एवढ्यावर न थांबता "मंजूर" असे दिसेपर्यंत पाठपुरावा करावा. जुने कार्ड मराठीत असेल तर नुसते भाषांतर पुरे होत नाही. डॉक्टरांनी त्या तारखा आपल्या सहीने इंग्रजी अर्जात उतरवून द्याव्या लागतात. आता जन्मणाऱ्या मुलांना हा त्रास कमी होईल, कारण २९ ऑक्टोबर २०२४ पासून देशभर सुरू झालेल्या यू-विनवर बाळांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या लसींची नोंद होते आणि क्यूआर कोडचे प्रमाणपत्र मिळते. नवजात बाळाची नोंद करताना "बेबी ऑफ" अमुक असे नाव पडते. बारशानंतर ते बदलून घेण्याचे मात्र विसरू नये.

निघताना आणि परतताना

पुरावा सर्वांत आधी पाहतो तो विमान कंपनीचा चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी. त्याच्या संगणकावर त्या देशाचे नियम उघडे असतात आणि कागद अपुरा वाटला तर तो बोर्डिंग पास देत नाही. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या पानाची अलीकडे छापलेली प्रत पुढे करणे अधिक उपयोगी ठरते. पिवळे पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात, हातातल्या बॅगेत असावे. नैरोबीहून मुंबईत उतरल्यावर आरोग्य विभागाचे टेबल इमिग्रेशनच्या आधी लागते, आणि चेक-इन केलेली बॅग पट्ट्यावर येते ती त्यानंतर.